मुंबईतील मातांच्या रक्तक्षयावर उपाय शोधणाऱ्या डॉ. लुसी विल्स

रायपूर : छत्तीसगडमध्ये सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे असून त्यासाठी रायपूर येथे स्वतंत्र संस्था कार्यरत आहे. या आजाराच्या रुग्णांना सामान्यतः फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. तिचे मूळ सुमारे 95 वर्षांपूर्वी मुंबईत झालेल्या एका संशोधनात आहे. ते करणाऱ्या होत्या डॉ. लुसी विल्स.

इंग्लंडमध्ये 10 मे 1888 रोजी जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतले आणि 1920 मध्ये लंडनमधून वैद्यकीय पदवी मिळवली. 1928 मध्ये त्या मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया त्याला बळी पडत होत्या.

निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी असते. तिच्यात केंद्रक नसते. हिमोग्लोबिनच्या साहाय्याने ती शरीरभर प्राणवायू पोहोचवते आणि सुमारे 120 दिवस जगते. अस्थिमज्जेत नव्या पेशी सतत तयार व्हाव्या लागतात. या स्त्रियांच्या रक्तात मात्र पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत्या.

विल्स यांनी जंतुसंसर्गाबरोबरच आहाराचाही शोध घेतला. गरीब स्त्रियांच्या जेवणासारखा निकस आहार दिलेल्या माकडांनाही रक्तक्षय झाला. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने माकडे सुधारली आणि रुग्ण स्त्रियाही बऱ्या झाल्या. 1931 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील अज्ञात पोषकद्रव्य ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

हेच द्रव्य 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. पुढे अमेरिकेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील चमूने ते कृत्रिमरीत्या तयार केले. पेशींच्या विभाजनासाठी ते आवश्यक असते. त्याच्या अभावी पेशी वाढतात, पण नीट विभागत नाहीत.

सिकलसेलमध्ये सदोष हिमोग्लोबिनमुळे पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात. ही झीज भरून काढताना अस्थिमज्जेला फॉलिक ॲसिड अधिक लागते. गोळीने हा आनुवंशिक दोष जात नाही, मात्र नव्या पेशींच्या निर्मितीला आधार मिळतो.

विल्स यांचे 16 एप्रिल 1964 रोजी निधन झाले. गरोदर मातांना आज लोहासोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते, ती त्यांच्या मुंबईतील कार्याचीच फलश्रुती आहे.