डोळस वाटाड्या : माथियास झ्दार्स्की

युरोपातील आल्प्स पर्वताचे उतार हिवाळ्यात बर्फाखाली झाकून जातात. पायांना स्की नावाच्या लांब, अरुंद फळ्या बांधून वर चढावे, खिंड ओलांडावी आणि दुसऱ्या अंगाने उतरून मूळ गावी परतावे, अशी भ्रमंती तेथे आज असंख्य लोक करतात. ह्या वाटेवर सर्वांत मोठे भय हिमप्रपाताचे. उतारावरील बर्फाचा थरच्या थर निसटतो आणि खाली सापडेल त्याला गाडून टाकतो. ह्या भयाकडे डोळसपणे पाहावयास ज्यांनी शिकविले, त्यांत माथियास झ्दार्स्की यांचे स्थान मोठे आहे.

त्यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ रोजी मोराव्हियातील एका खेड्यात झाला. बालपणी एका स्फोटात त्यांचा डावा डोळा गेला. तथापि ह्या वैगुण्याने ते खचले नाहीत. ते शिक्षक झाले; चित्रकला आणि शिल्पकला यांचाही त्यांनी अभ्यास केला. १८८९ साली ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड गावाजवळ एका डोंगरी शेतवाडीत ते एकांतात राहू लागले.

त्याच सुमारास नान्सेन यांनी १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडल्याचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. त्यांनी नॉर्वेहून स्की मागविल्या. परंतु नॉर्वेच्या सौम्य टेकड्यांवर उपयोगी पडणाऱ्या त्या लांब फळ्या आल्प्सच्या उभ्या उतारावर आवरेनात. मग अनेक वर्षे प्रयोग करून त्यांनी फळ्यांची लांबी कमी केली आणि पाऊल घट्ट धरून ठेवणारी पोलादी पकड बनविली. कोठेही वळता यावे, कोठेही थांबता यावे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. १८९६ च्या अखेरीस ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे हजारो लोकांना त्यांनी ही विद्या मोबदला न घेता शिकविली. १९ मार्च १९०५ रोजी लिलिएनफेल्डजवळील मुकेनकोगेल डोंगरावर त्यांनी ८५ वळण-दारांची शर्यत भरविली. तीत २४ स्पर्धकांनी भाग घेतला.

पण वळता-थांबता येणे हे अर्धेच काम. वाट आधी आखावी लागते. नवा बर्फ किती पडला, वाऱ्याने तो कोणत्या अंगाला साचविला, खालचा जुना थर त्याला धरून ठेवील काय, उतार ३० अंशांहून अधिक उभा आहे काय, हे प्रश्न घर सोडण्यापूर्वीच विचारावे लागतात. शंका वाटली तर वाट बदलावी. धोक्याचा उतार ओलांडणे भागच पडले तर एकेकाने जावे, म्हणजे एक गाडला गेला तरी इतर त्याला शोधावयास मोकळे राहतात. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांतच बाहेर काढावे लागते. पुढे आशा झपाट्याने मावळते.

पहिल्या महायुद्धात झ्दार्स्की ऑस्ट्रियन सैन्याला पर्वतातील धोक्यांविषयी सल्ला देत होते. २८ फेब्रुवारी १९१६ रोजी, साठावा वाढदिवस होऊन तीनच दिवस लोटले असता, कार्निक आल्प्समध्ये हिमप्रपातात सापडलेल्यांच्या सुटकेसाठी ते गेले आणि दुसऱ्या हिमप्रपाताने त्यांनाच गाठले. त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले. पण शरीरात सुमारे ८० ठिकाणी हाडे मोडली वा निखळली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्मोलाडा पर्वतावर एकाच हिमप्रपाताने शेकडो सैनिकांचा बळी घेतला. जाणकारालाही हिम सवलत देत नाही, हे त्या युद्धाने दाखवून दिले.

दुसरा कोणी अंथरुणाला खिळून दैवाला दोष देत बसला असता. झ्दार्स्कींनी स्वतःच व्यायाम योजून मोडलेले शरीर हळूहळू हलते केले आणि काही वर्षांनी ते पुन्हा स्कीवर उभे राहिले. इतकेच नव्हे, तर १९२९ च्या सुमारास त्यांनी हिमप्रपातांविषयीचे आपले निरीक्षण ग्रंथरूपाने मांडले. ज्या संकटाने त्यांना चिरडले, त्याचाच अभ्यास त्यांनी पुढच्या वाटसरूंच्या हाती दिला. २० जून १९४० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी योजिलेली हलकी निवारा-पिशवी पर्वतावर अडकलेल्यांना आजही ऊब देते.

विद्यार्थिमित्रहो, एका डोळ्याने पाहणाऱ्या ह्या पुरुषाचे चरित्र आपणांस काय सांगते? साहस म्हणजे धोक्याकडे पाठ फिरवून धावणे नव्हे. धोका नीट ओळखावा, वाट विचारपूर्वक आखावी आणि प्रसंग पडल्यास अर्ध्यातून परतण्याचीही लाज बाळगू नये, हेच खरे धैर्य होय.