हेन्री फोर्ड आणि गतीचा लगाम

गाडी वेगाने धावू लागली की सारे जग तिचे कौतुक करते. परंतु हव्या त्या क्षणी ती थांबली, तर त्याची दखल कोणी घेत नाही. सामान्य माणसाच्या दारात मोटार आणून उभी करणाऱ्या हेन्री फोर्डचे चरित्र वाचताना आम्हांस ह्या गोष्टीचे वारंवार स्मरण होते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, आज डिअरबॉर्न ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिसरात, ३० जुलै १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात फोर्डचा जन्म झाला. शेतीच्या कामात त्याचे मन रमेना. घड्याळे उघडावीत आणि पुन्हा जुळवावीत, हाच त्याचा खेळ. १८७६ साली त्याची आई वारली. त्याच वर्षी रस्त्यावरून स्वतःच्या बळावर चालत येणारे वाफेचे इंजिन त्याच्या दृष्टीस पडले आणि तो त्याचा आजन्म ध्यास होऊन बसला. सोळाव्या वर्षी डेट्रॉइट गाठून त्याने यंत्रशाळेत उमेदवारी सुरू केली. पुढे विजेच्या कंपनीत इंजिनिअर असताना रात्रीचा दिवस करून त्याने आपली पहिली गाडी सिद्ध केली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती बाहेर काढू लागतो, तो शेडचे दार अरुंद! त्याने कुऱ्हाड घेतली आणि भिंत फोडून वाट केली. त्या गाडीस मागे जाण्याची सोय नव्हती. आम्हांस वाटते, तिच्या कर्त्याचा स्वभावही तसाच होता.

१९०३ साली त्याने आपली कंपनी स्थापिली व १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ ही जगद्विख्यात मोटार विकावयास आणली. १९१३ मध्ये कारखान्यात सरकती जुळणी सुरू होताच, जिच्या सांगाड्याच्या जुळणीस बारा तासांहून अधिक वेळ लागे, ती गाडी पुढील वर्षी सुमारे दीड तासात उभी राहू लागली. ८५० डॉलर्सची किंमत कालांतराने ३०० च्याही खाली आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. १९२५ साली फोर्डने मागे उघडा हौदा जोडलेली गाडी कारखान्यातूनच तयार करून दिली. शेतकऱ्याचे धान्य आणि कारागिराची हत्यारे वाहणारी पिकअप ती हीच.

आता ह्या गाडीच्या ब्रेकांकडे पाहू. पायाखालचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरपेटीतील एका पट्ट्यावर चाले. हाताचा दांडा मागील दोन चाके आवळी. पुढील चाकांस ब्रेकच नसे. मंदगतीच्या काळी तेवढ्यावर निभावले. परंतु वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या पुस्तकात वाचलेच आहे.

१९२७ अखेर आलेल्या ‘मॉडेल ए’ गाडीत फोर्डने चारही चाकांस ब्रेक दिले. पण ते लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे. सळ्यांचे सांधे झिजतात, एखादे चाक अधिक आवळले जाते आणि गाडी एका बाजूस खेचली जाते. म्हणून ते पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागत. ह्यावर उपाय निघालेला होता. १९२४ मध्ये क्रायस्लरच्या मोटारीत चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले होते. त्यामागे पास्कलचा नियम आहे: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. पेडल दाबले की नळ्यांतील द्रव प्रत्येक चाकापाशी ड्रमच्या आतील ब्रेकशू सारख्या दाबाने रेटतो.

फोर्डचा मात्र पोलादावर विश्वास होता, द्रवावर नव्हता. १९३२ साली त्याने आठ सिलिंडरांचे जोरदार इंजिन स्वस्त गाडीत बसवून वेग वाढविला. लगाम मात्र जुनाच ठेवला. १९३६ मध्ये शेव्हरोलेने नवे ब्रेक स्वीकारले, तरी तो हलला नाही. त्याचा एकुलता एक मुलगा एडसेल १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष होता. नव्या ब्रेकांसाठी त्याने वडिलांची मने वळविण्याचा प्रयत्न केला. परंतु शेवटचा शब्द बापाचाच असे. अखेर १९३९ च्या मॉडेलमध्ये फोर्डच्या गाड्यांना द्रवचलित ब्रेक मिळाले. मधल्या वर्षांत रस्त्यावर उतरलेल्या लक्षावधी गाड्या सळ्यांच्याच भरवशावर धावत राहिल्या.

हाच हट्ट अन्यत्र अधिक अनर्थकारक ठरला. १९१४ साली मजुरांस दिवसाला पाच डॉलर्स देऊन त्याने जगास चकित केले. परंतु त्यांच्या संघटनेस १९४१ पर्यंत मान्यता दिली नाही. आपल्या वृत्तपत्रातून त्याने ज्यू लोकांविरुद्ध विखारी लेखन प्रसिद्ध होऊ दिले. १९२७ मध्ये त्याबद्दल त्याला जाहीर क्षमा मागावी लागली.

१९४३ मध्ये एडसेल एकोणपन्नासाव्या वर्षी निवर्तला. ७ एप्रिल १९४७ रोजी रूझ नदीस पूर येऊन वीज बंद पडली होती. त्या रात्री डिअरबॉर्नच्या घरी फोर्डने देह ठेवला.

त्याच्या जुन्या पिकअप आजही हौशी लोक जिवापाड जपतात. त्यांपैकी कित्येक जण सळ्या काढून १९३९ नंतरच्या फोर्डचेच ब्रेक जुन्या सांगाड्यावर बसवितात. थोड्या फेरफाराने ते बसतात. कोणी त्यापुढे जाऊन दोन कप्प्यांचे मास्टर सिलिंडर लावतात, म्हणजे एक नळी गळली तरी दुसऱ्या जोडीचे ब्रेक लागतात. गाडीचे रूप जुनेच राहते. रस्त्यावरच्या पोराबाळांचा जीव मात्र अधिक सुरक्षित होतो. फोर्डचा ह्यात अपमान आहे, असे आम्हांस वाटत नाही. थोरांचे ऋण फेडताना त्यांनी जे अपुरे ठेवले ते पुरे करणे, हाही त्यांचा आदरच होय.