पोलिसातला माणूस बंडात गेला : भागोजी नाईक

पुणे-नाशिक रस्त्याने एस.टी.त बसून कुणी गेलं असेल तर सिन्नर तालुक्यातलं नांदूर-शिंगोटे हे गाव त्याला माहीत असेल. भागोजी नाईक याच गावचे. भिल्ल समाजातले. १८५७ च्या लढ्यातली झाशीची राणी, नानासाहेब, तात्या टोपे ही नावं आपल्याला तोंडपाठ असतात. भागोजींचं नाव मात्र सिन्नर, संगमनेर, अकोले या भागाबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे.

नवल असं, की भागोजी आधी इंग्रजांच्याच पोलिसांत होते. साधे शिपाई नव्हेत, अंमलदार. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्याच्या पोलिसांत त्यांची नोकरी. डोंगरी मुलखात बंदोबस्त ठेवायचा तर तिथलाच वजनदार माणूस हवा, हे सरकार ओळखून होतं.

पण १८५५ साली दंगा केला, पोलिसांना अडवलं, असं म्हणून त्यांना तुरुंगात घातलं. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला. ते वर्षही पुरं झालं. एवढ्यात उत्तरेत शिपायांनी बंड केलं आणि घाबरलेल्या सरकारने लोकांची हत्यारं जमा करायचा हुकूम काढला. भागोजींनी गाव सोडलं. गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशी जागा त्यांनी धरली. बघता बघता पन्नास भिल्ल त्यांना येऊन मिळाले.

४ ऑक्टोबर १८५७. पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री फौज घेऊन आला. आधी मामलेदारांकरवी निरोप गेला, की शरण या. भागोजींनी उलट कळवलं, की दोन वर्षांचा थकलेला पगार मिळाला पाहिजे आणि पोटापाण्याची सोय झाली पाहिजे, त्याशिवाय येणार नाही. हा जबाब मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना सरकारने दरोडेखोर ठरवलं, त्यांनी आधी मागितला तो पगार! तेव्हा तो दिला असता तर? पण साहेबाने चाल करायचा हुकूम सोडला. पहिलीच गोळी हेन्रीच्या मागच्या माणसाला लागली. मग खुद्द हेन्री पडला, उठला, पुढे झाला आणि छातीत गोळी लागून मेला.

ही बातमी वणव्यासारखी पसरली. राहुरीकडे पाथर्जी नाईकाने शंभरेक भिल्ल उभे केले. १८ ऑक्टोबरला अकोले तालुक्यातल्या समशेरपूरच्या डोंगरात पुन्हा लढाई झाली, तिथे दोन गोरे अधिकारी जखमी झाले. आता ही पगाराची गोष्ट राहिली नव्हती. इंग्रजी अंमलच मानायचा नाही, अशी ती लढाई झाली होती.

इंग्रजांनी मग काय केलं? हेन्रीच्या जागी आलेल्या कॅप्टन नटॉलने डोंगरातल्याच कोळी लोकांची पलटण उभारली. कोळी आणि भिल्ल यांची जुनी चुरस होती, तिचा त्याने उपयोग करून घेतला. दोघेही गरीब, दोघेही त्याच डोंगरातले. तोफेपेक्षा ही युक्ती जास्त लागू पडली.

तरी दोन वर्षं भागोजी हाती लागले नाहीत. जुलै १८५९ मध्ये संगमनेरच्या दक्षिणेला आंभोरे दऱ्यात याच पलटणीने त्यांना गाठलं. दहा माणसं पडली. त्यांत भागोजींचा मुलगा यशवंत होता. हरजी नाईक पकडला गेला. पोरगा गेल्यावरही भागोजी शरण आले नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी कोपरगाव तालुक्यातलं कोऱ्हाळे गाव लुटलं. तिथे नुकसान आपल्याच लोकांचं झालं, हे लपवून चालणार नाही.

नोव्हेंबर १८५९. सिन्नर तालुक्यात मिठसागरला फ्रँक सूटर या पोलीस अधिकाऱ्याचा तळ होता. पांचाळे गावचा पाटील धावत आला आणि भागोजींची टोळी नदीच्या पात्रात विसावली आहे, अशी खबर त्याने दिली. सूटरने त्यांना घेरलं. काठाच्या झुडपांचा आडोसा घेऊन भिल्ल शेवटपर्यंत लढले. बहुतेक सगळे तिथेच पडले, भागोजीही पडले.

सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. कोळ्यांची पलटण १८६१ साली सरकारने मोडली आणि तिच्यातले बहुतेकजण परत आपल्या शेतावर नांगर धरायला गेले.