वासुदेव बळवंत आणि आमच्या माजघरातली खुंटी

माझं माहेर कोलाडचं. कुंडलिकेच्या काठाला घर, मागे भाताची खाचरं आणि त्यामागे रान. भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची, म्हणून आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. माजघरातल्या उंच खुंटीवर ती टांगलेली असे. आम्हा मुलांना एवढंच सांगितलेलं की तिला हात लावायचा नाही. का नाही, ते कुणी सांगितलं नाही.

एका मे महिन्यात माझ्या चुलत भावाने स्टुलावर चढून ती काढली. आजोबांनी केप काढून ठेवली होती, पण आत ठासलेली दारू आणि छर्रे तसेच होते. ठासणीच्या बंदुकीचं हेच तर वाईट. काडतुसाच्या बंदुकीसारखी ती उघडून रिकामी करता येत नाही. एकदा भरली की बार काढावा लागतो, नाहीतर गजाने खटपट करत आतलं सगळं उपसावं लागतं. मग कोण उपसतंय? केप काढली की झालं, अशी सगळ्यांची समजूत. भावाला केपांची डबी कोनाड्यात सापडली. घोडा ओढला, चाप दाबला. बहुतेक छर्रे भिंतीत गेले. तीन-चार आत्याच्या दंडात. ती पाण्याचा हंडा घेऊन पडवीतून आत येत होती. त्या दिवसापासून आत्या कोपरापर्यंत बाह्यांचे पोलके घालते. घरात तो विषय मात्र पुन्हा कधी निघाला नाही.

एसटीने पनवेलला जाताना कर्नाळ्याची खिंड ओलांडली की शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे गाव, हे आम्हाला शाळेतच पाठ. पण त्यांचं चरित्र मी नीट वाचलं ते लग्नानंतर, आणि वाचताना सारखी ती खुंटीच आठवत राहिली.

४ नोव्हेंबर १८४५ चा त्यांचा जन्म. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. म्हणजे वासुदेवाच्या लहानपणी घरात किल्ल्याच्या फक्त गोष्टी उरल्या होत्या. कल्याण, मुंबई, पुणे असं शिक्षण झालं आणि पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनाची नोकरी लागली. चारचौघांसारखा संसारी माणूस. मग आई आजारी पडली. रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते शिरढोणला पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे तिच्या वर्षश्राद्धालाही साहेबाने रजा नाकारली. मोठ्या इतिहासात हा प्रसंग दोन ओळींत संपतो. आपण बायका मात्र तिथे थांबतो, नाही का?

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन उभी केली, तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. शस्त्रविद्या ते लहुजी वस्तादांच्या तालमीत शिकले. जोतीराव फुल्यांनी दांडपट्टा आणि नेमबाजी शिकली तीही लहुजींकडेच. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की शस्त्र ही गुरूकडून शिकायची गोष्ट होती. तालमीत आधी अंगाला शिस्त आणि मग हातात हत्यार. स्टुलावर चढून एकट्याने नव्हे.

पहिली पत्नी सईबाई वारल्यावर वासुदेव बळवंतांचं दुसरं लग्न झालं ते जुन्नरच्या गोपिकाबाईंशी. त्या वयाने बऱ्याच लहान. नवऱ्याने त्यांना लिहाय-वाचायला शिकवलं, शिवाय घोड्यावर बसायला, तलवार धरायला आणि बंदूक चालवायलाही शिकवलं, असं चरित्रात वाचायला मिळतं. १८७० च्या दशकातली गोष्ट आहे ही! ज्या काळात बाईने पाटी धरली तरी आळीत कुजबुज होई, त्या काळात. आपल्या घरात शस्त्र असणार आहे तर घरातल्या माणसाला ते समजलं पाहिजे, इतका साधा विचार त्यामागे असेल का? की पुढे येणाऱ्या दिवसांची तयारी? मला वाटतं दोन्ही.

१८७६-७७ च्या दुष्काळात माणसं तडफडून मेली, ते पाहून ते पेटले. १८७८ मध्ये सरकारने शस्त्रांचा कायदा आणून परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशांना घेऊन त्यांनी धामारीवर पहिला छापा घातला. मे महिन्यात दौलतराव नाईकांनी पळस्पे आणि चिखली लुटली, अगदी शिरढोणच्या उंबरठ्यावर. परतताना मेजर डॅनियलच्या फौजेने गाठलं, दौलतराव गोळी लागून पडले आणि बंडाचा कणाच मोडला. जुलैत देवर नावडगीला वासुदेव बळवंत पकडले गेले. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. जन्मठेप झाली, एडनला रवानगी. तिथून ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचं दारच बिजागरीतून उखडून ते पळाले, पण पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. वय अवघं सदतीस.

गोपिकाबाई मागे राहिल्या. नवऱ्याने शिकवलेल्या घोड्याचा आणि बंदुकीचा त्यांना पुढे काय उपयोग झाला असेल? त्यांच्या वाट्याला उरलेला जन्म एकटीने काढणं आलं.

आता कायदा सांगतो की एकवीस वर्षांखालच्याला परवाना नाही, आणि २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही घ्यायला लावलं. पण मुलं परवाना बघून खुंटीकडे जात नाहीत. कोकणात अजून शेतराखणीच्या बंदुका आहेत, आणि डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. दुसऱ्या बाजूला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत. नेमबाजीच्या रेंजवर पहिला धडा नेमाचा नसतोच. नळी कुणाकडे रोखायची नाही, बोट चापाबाहेर ठेवायचं, हातात घेताच आत काही नाही ना हे स्वतः बघायचं, दुसऱ्याने रिकामी आहे म्हटलं तरी पुन्हा बघायचं, आणि दारूगोळा वेगळ्या कुलपात.

माझी भाची एनसीसीत आहे. शिबिरात तिने पहिल्यांदा रायफल धरली. गणपतीत कोलाडला आली तेव्हा पडवीत केरसुणीचा दांडा खांद्याला लावून तिने हे सगळं लहानग्यांना करून दाखवलं. पोरं रांगेत बसलेली. आजोबांची बंदूक केव्हाच पोलीस ठाण्यात जमा झालीय, खुंटीवर आता छत्री असते. आत्या दारात उभी राहून बघत होती. मग पुढे आली, बाही वर केली आणि पोरांना दंडावरचे व्रण दाखवत तो मे महिना पहिल्यांदाच सांगू लागली. माझा चुलत भाऊही तिथेच होता. तो उठून गेला नाही.