पाण्यात उडणारा माणूस

मित्रांनो, आमच्या वरणगावला पाणी म्हणजे तापी आणि हतनूरचं धरण. समुद्र बघायचा तर भुसावळहून रात्रीची गाडी! पण सुट्टीत मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला गेलात, तर जॅक कुस्तो या फ्रेंच माणसाची आठवण जरूर ठेवा.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० चा. १९३० मध्ये ते नौदलाच्या अकादमीत शिरले, पण स्वप्न होतं वैमानिक व्हायचं. १९३६ मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला, हात मोडले आणि विमान कायमचं सुटलं. हातात बळ यावं म्हणून ते समुद्रात पोहू लागले. तिथे एका मित्राने दिलेला पाण्यातला चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि आयुष्याची दिशाच बदलली!

पण दम धरून खाली किती वेळ राहणार? १९४२ च्या अखेरीस त्यांची एमिल गान्यां या इंजिनिअरशी गाठ पडली. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून गॅसवर मोटार चालवायला गान्यां यांनी एक व्हॉल्व्ह बनवला होता. इंजिन मागेल तेवढाच गॅस तो सोडायचा. तोच दोघांनी माणसाच्या श्वासाला जोडला. जानेवारी १९४३ मध्ये मार्न नदीत चाचणी झाली. आडवं पोहताना सगळं ठीक, पण उभं राहिलं की हवा भसाभसा वाहून जायची. कारण श्वास बाहेर पडायची जागा आणि व्हॉल्व्हचा पडदा वेगवेगळ्या खोलीवर यायचे, म्हणजे दाबात फरक! दोन्ही शेजारी आणले आणि ॲक्वालंग तयार झालं.

कुस्तो कमरेला शिसं बांधत आणि बाकीचा तोल फुप्फुसातल्या हवेने सांभाळत. ना बुडणं, ना वर येणं... त्यांचं राहून गेलेलं उडणं ते हेच. आज या कामाला पाठीवर फुगणारी पिशवी असते. तिचं नावच 'विंग', म्हणजे पंख! आपल्या कोमट समुद्रासाठी ती केवढी घ्यावी? हिशेब सोपा आहे. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २२०० लिटर हवा मावते. तिचं वजन अडीच-पावणेतीन किलो, म्हणजे सुरुवातीला एवढं ओझं जास्त. थंड पाण्यातला जाड सूट खोलवर दबतो आणि त्याचं प्लावक बल घटतं, म्हणून तिथे मोठी विंग लागते. पातळ सूटला १० ते १२ किलो उचलणारी पुरते आणि ती घडी करून बॅगेतही बसते. उगाच मोठी घेतली तर आत हवा इकडून तिकडे पळते आणि तोल जातो.

तोल गेला की पाय प्रवाळाला लागतो, आणि वर्षानुवर्षं वाढलेली फांदी क्षणात मोडते. कुस्तो यांनाही हे लगेच कळलं नव्हतं. 'द सायलेंट वर्ल्ड' या त्यांच्या सिनेमाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण त्यात मासे मोजायला प्रवाळात डायनामाइट उडवलेलं दिसतं. तोच माणूस १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याविरुद्ध उभा राहिला. १९७३ मध्ये त्यांनी समुद्र वाचवण्यासाठी संस्था काढली. १९७९ मध्ये मुलगा फिलिप विमान अपघातात गेला, तरी काम थांबलं नाही. २५ जून १९९७ ला कुस्तो गेले.

मित्रांनो, यंत्र बनवणं ही अर्धी इंजिनिअरिंग. त्या यंत्राने आपण काय मोडतोय हे बघणं, ही उरलेली अर्धी!