न्यायमूर्ति तय्यबजी आणि एकीचा करार

हिंदु-मुसलमानांच्या एकीवर व्याख्यानें पुष्कळ झालीं. परंतु ती एकी व्यवहारांत कशी उतरवावी हें स्वतःच्या आयुष्यानें दाखविणारीं माणसें थोडीं. न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी हे अशांपैकीं एक होत. त्यांस जाऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी त्यांच्या चरित्रांतील धडा जुना झालेला नाहीं; आमच्या व्यापारी वाचकांस तर तो विशेष पटावा.

तय्यबजींचा जन्म मुंबईस १८४४ सालीं सुलेमानी बोहऱ्यांच्या एका व्यापारी घराण्यांत झाला. १८६७ सालीं बॅरिस्टर होऊन ते विलायतेहून परतले. मुंबईस बॅरिस्टरी करणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ. पैसा व नांव मिळवून स्वस्थ बसणें त्यांस सहज शक्य होतें; परंतु आपला समाज नव्या शिक्षणांत मागें पडला, ही त्यांस टोचणी होती. म्हणून वडील बंधु कमरुद्दीन, कोंकणी मुसलमानांचे पुढारी महमदअली रोगे इत्यादिकांसह त्यांनीं १८७४ सालीं अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था काढली. पुढें १८८५ सालीं फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्रिंबक तेलंग यांजबरोबर त्यांनीं बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापिली. एक पारशी, एक ब्राह्मण व एक बोहरा अशा तिघांनीं एका मेजाभोंवतीं बसून सार्वजनिक कामाचे मसुदे करावे, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती.

१८८७ सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. तो मान मिळविणारे ते पहिले मुसलमान. त्याच महिन्यांत अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांनीं सभेला उघड विरोध केला. जेथें बहुमतानें निकाल होणार, तेथें संख्येनें थोड्या असलेल्यांचें काय, हा त्यांचा प्रश्न होता. तय्यबजींनीं या भीतीची थट्टा केली नाहीं. त्यांनीं सर सय्यदांशीं पत्रव्यवहार केला, आणि राष्ट्रीय सभेकडे एका नियमाचा आग्रह धरला. ज्या विषयाला हिंदु किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमतानें अगर जवळजवळ एकमतानें विरोध असेल, तो विषय सभेनें सोडून द्यावा, असा तो नियम १८८८ सालीं अलाहाबादेस मंजूर झाला. मुसलमानांचा विरोध तरीही शमेना, तेव्हां सभाच पांच वर्षें तहकूब ठेवावी, असेंही त्यांनीं ह्यूमसाहेबांस लिहिलें. ही सूचना सभेनें मानली नाहीं, आणि न मानण्यांतच शहाणपण होतें असें आमचें मत आहे. रुसलेल्या भावाची वाट पाहावी खरी, पण त्यासाठीं घराचें बांधकाम थांबवूं नये.

१८९५ सालीं ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. पूर्वींचे जामिनाचे अर्ज फेटाळले गेले होते, आणि १८९३ च्या दंग्यांनंतर दोन्ही समाजांचीं मनें कलुषित झालेलीं होतीं. अशा वेळीं तय्यबजींनीं टिळकांस जामीन दिला. सरकार काय म्हणेल, जात काय म्हणेल, याचा हिशेब त्यांनीं न्यायाच्या तागडींत येऊं दिला नाहीं. १९०३ सालीं मुंबईस सर सय्यदांनीं स्थापिलेल्या मुसलमानी शिक्षण परिषदेचें अध्यक्षपदही त्यांनीं स्वीकारलें; मात्र राष्ट्रीय सभेविषयींचें आपलें मत सोडलें नाहीं, आणि पडद्याच्या जाचक चालीवर टीका करण्यास ते कचरले नाहींत. १९०६ सालीं लंडनास त्यांचें देहावसान झालें.

त्यांचा नियम सभेपुरताच होता. राज्यकारभारांत तसा विश्वास कोणी निर्माण केला नाहीं. १९०९ सालीं विभक्त मतदारसंघ आले व १९४७ सालीं देशाचे दोन तुकडे झाले. एका नियमानें हें सर्व टळलें असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण भागीदारींत धाकट्या भागीदाराचा वांटा तोंडी गोडव्यानें सुरक्षित होत नसून करारांतील कलमानें होतो, हें दुकानदारास सांगावें लागत नाहीं. आपल्या गांवची नगरपालिका, वाचनालय, बाजार समिति यांत जे संख्येनें थोडे आहेत, त्यांस आधीं असें कलम द्या. मग त्यांजकडून एकीची अपेक्षा करा.