अण्णासाहेब कर्वे : घर आणि आश्रम

धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र वर्गात शिकविताना आम्हांस दरवर्षी एक अनुभव येतो. त्यांनी कोणत्या संस्था काढल्या, हे फळ्यावर लिहून देण्यास पाच मिनिटे पुरतात; परंतु हा मनुष्य स्वतःच्या घरी कसा होता, असे एखादी विद्यार्थिनी विचारते, आणि मग तास संपला तरी उत्तर संपत नाही. ते उत्तर आज येथे देत आहोत.

अण्णासाहेबांचा जन्म १८५८ साली आजोळी, शेरवली येथे झाला. त्यांचे गाव दापोली तालुक्यातील मुरूड. घरची स्थिती बेताचीच होती. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी हा मुलगा भर पावसात सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेला. वाट शंभर मैलांहून अधिक होती. तेथे अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि वय सतरा दिसत नाही म्हणून परत पाठविले. कोकणातील पाऊस आणि घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ती परतीची वाट कशी असेल हे सांगावयास नको.

पुढे ते मुंबईत राहून १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले. लहानपणीच लग्न झालेल्या त्यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. मागे रघुनाथ हा मुलगा राहिला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सांगण्यावरून अण्णासाहेब पुण्यास फर्गसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. १८९३ साली त्यांनी आपल्या मित्राची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील बालविधवा गोदूबाई, हिच्याशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. गावी गेले तरी आईच्या आणि भावाच्या घरात त्यांना राहता येईना. ज्या गावाच्या भल्यासाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला, त्याच गावात ही वेळ आली; तरी गावाविषयी त्यांच्या मनात कडवटपणा राहिला नाही, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली. पुण्यात प्लेगची साथ चालू असता १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवावयाचे, संध्याकाळी आश्रमाचे सामान खांद्यावर घेऊन चारेक मैल चिखल तुडवीत हिंगण्यास जावयाचे, रात्री तेथील मुलींना शिकवावयाचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर व्हावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पैशाचा हिशेब पैपर्यंत चोख असे. संस्था चालविणाऱ्याचे अर्धे काम हिशेबाच्या वहीतच असते, हे मुलांना उगीच कंटाळवाणे वाटते. पण लोकांनी पै-पैसा दिला तो या वहीवरच्या विश्वासाने.

आणि शहरातील घरी? तेथे गोदूबाई, म्हणजे सर्वांच्या बाया, मुलांना घेऊन राहत. पतीने शिल्लक पुंजी आश्रमास दिली, आयुर्विम्याची पॉलिसीही दिली. घरखर्चाची तोंडमिळवणी बायांनी करावयाची. त्यांनी नागपुरास जाऊन सुइणीचे शिक्षण घेतले होते. आणखी एक शल्य होते. पुनर्विवाहामुळे लोकमत आश्रमावर बिथरेल म्हणून अण्णासाहेबांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून दूर ठेवला. म्हणून स्वतःच्या पत्नीलाही त्यांनी आश्रमाच्या कामात फारसे येऊ दिले नाही. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले विधवावेषात राहून आश्रमासाठी झोळी घेऊन हिंडल्या, आणि बाया बाहेर राहिल्या. हे दुःख बायांनी 'माझे पुराण' या आपल्या आठवणींत आडपडदा न ठेवता सांगितले आहे. संस्थेच्या दृष्टीने अण्णासाहेबांचा हिशेब बरोबर होता, असे आम्हांस वाटते. पण त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांना ती देण्यापूर्वी कोणी विचारले नव्हते.

तरीही हे घर तुटले नाही. रघुनाथरावांनी संततिनियमनाचा प्रचार केला आणि त्यापायी नोकरी गमावली. दिनकरराव फर्गसनचे प्राचार्य झाले, शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, भास्करराव हिंगण्याच्या कामात राहिले. सून इरावतीबाईंचे नाव तर वाचकांस ठाऊक आहेच. बायांनीही पुढे महिला विद्यापीठासाठी वर्गणी जमविली. ते विद्यापीठ १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर सुरू झाले होते.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, अण्णासाहेबांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढले आणि पुन्हा दारोदार वर्गणी मागत हिंडू लागले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न देण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले. भारतरत्नाचा तो सोहळा पाहावयास बाया नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या होत्या.